भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मत? हो. पण त्यामागची गोष्ट लांब आहे

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची एक तरुण नर्स सात महिन्यांपूर्वी वर्क व्हिसावर लेस्टरला आली. मतदार यादीत नाव नोंदवा, असं कौन्सिलचं (म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं) पत्र तिच्या घरी आलं. ती विचारते: "माझा पासपोर्ट भारतीय आहे. पत्र चुकून आलंय का? नाव नोंदवलं तर भारतीय नागरिकत्वाला धक्का लागेल का? खरं सांगायचं तर इथलं राजकारण मला कळतच नाही. लेखी राज्यघटना नाही म्हणतात, पंतप्रधान निवडणुकीशिवाय बदलतात. आणि ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या निवडणुकीत मी मत का द्यावं? शिवाय मे महिन्यात आई येणार आहे, तिलाही मत देता येईल का?"

आधी कामाचं सांगतो. पत्र चुकून आलेलं नाही. तुम्ही कॉमनवेल्थ देशाच्या नागरिक आहात, इथे राहायचा वैध व्हिसा तुमच्याकडे आहे आणि वयाची १८ वर्षं पूर्ण आहेत. एवढ्यावर तुम्हाला नुसत्या कौन्सिलच्याच नव्हे, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. भारतीय नागरिकत्वाला काही होत नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर, मत दिल्याने नाही. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस उरेपर्यंत नाव घालता येतं, त्यानंतर मंत्र्याच्या ओळखीनेही येत नाही. आणि ते पत्र रद्दीत टाकू नका. घरात कोण कोण राहतं हे विचारणाऱ्या फॉर्मला उत्तर न देणाऱ्याला १००० पौंडांपर्यंत दंड कायद्यात लिहिलेला आहे. क्वचितच लावतात, पण आहे. दुसरा फायदा तुम्हाला लवकरच कळेल: मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट, बँकेचं कार्ड, पुढे घराचं कर्ज, सगळीकडे तुमचा पत्ता खरा की खोटा हे मतदार यादीवरून ताडून बघतात. नोंदणी करताना "ओपन रजिस्टर नको" या चौकटीत खूण करा, नाहीतर तुमचं नाव-पत्ता जाहिरातवाल्यांना विकत मिळतो.

आता माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं कोणत्या टेबलामागून बोलतोय ते कळेल. मी मूळचा सातारचा. पश्चिम लंडनमध्ये तीसेक वर्षं राहतो, त्यातली बावीस वर्षं एका कौन्सिलच्या निवडणूक विभागात काढली. मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष म्हणून बसायचो, रात्री मतमोजणीला जायचो. आता निवृत्त आहे. कुठल्या पक्षाचा सभासद कधी नव्हतो. त्या नोकरीत असून चालतही नाही. इतिहास वाचतो तो हौसेने, आणि सातारचा असल्यामुळे थोडा रागानेही. त्या रागाकडे नंतर येतो.

तुमच्या मताचं मूळ साम्राज्यात आहे. पूर्वी राजाच्या राज्यात जन्मलेला प्रत्येक जण "ब्रिटिश प्रजा" होता, मग तो लेस्टरचा असो की लासलगावचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रजेला मत, असा तो हिशेब होता. लासलगावच्या माणसाला लासलगावात मत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने म्हटलं, "ब्रिटिश प्रजा" आणि "कॉमनवेल्थ नागरिक" हे एकाच अर्थाचे शब्द. १९४९ मध्ये लंडनला ठरलं की भारत प्रजासत्ताक झाला तरी कॉमनवेल्थमध्ये राहील. झालं, तुमचा हक्क टिकला. पुढे १९६२, १९६८, १९७१ असे एकामागून एक कायदे करून आपल्यासारख्यांच्या येण्याचं दार लोटत आणलं. पण आत पोचलेल्याचं मत काढायचं राहून गेलं. दार लावलं, खुंटीवरची किल्ली तशीच राहिली. २००८ मध्ये माजी ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी सरकारला अहवाल दिला होता की मत हळूहळू फक्त नागरिकांपुरतं करावं. कुणी मनावर घेतलं नाही. भारत मात्र असा हक्क कुणा परदेशी माणसाला देत नाही; आपल्या ३२६ व्या कलमात "भारताचा नागरिक" असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

या राहून गेलेल्या किल्लीची गंमत मी २३ जून २०१६ ला पाहिली. ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघ सोडायचा का यावरच्या मतदानाचा दिवस. लंडनमध्ये पाऊस असा कोसळत होता की काही केंद्रांत पाणी शिरलं. आमच्या भागात गोव्याची बरीच कुटुंबं आहेत, त्यांतली पुष्कळ पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो, आणि त्या पासपोर्टवर तेव्हा युरोपात कुठेही नोकरी करता येत असे. स्विंडनला तर त्यांची वस्तीच आहे. दुपारी एक सासष्टीकडचं जोडपं छत्री झटकत आत आलं. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर नऊ वर्षं इथे, बायको लग्नानंतर वर्षभरापूर्वी आलेली, तिचा पासपोर्ट भारतीय. यादीत नवऱ्याच्या नावापुढे "जी" हे अक्षर होतं, म्हणजे युरोपीय नागरिक, मत फक्त कौन्सिलपुरतं. मी बायकोच्या हातात मतपत्रिका ठेवली आणि नवऱ्याला म्हणालो, तुम्हाला आज नाही देता येत. त्याची नोकरी, त्याचा इथे राहायचा हक्क, सगळं त्या मतदानावर टांगलेलं. आणि मत कुणाला, तर भारतीय पासपोर्ट न सोडलेल्या बायकोला. तो रागावला नाही, हसला. म्हणाला, "आमचे बाबा म्हणायचे, दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये." मोझांबिकही एकेकाळी पोर्तुगालचं, पण तो देश १९९५ मध्ये कॉमनवेल्थमध्ये आला. त्यामुळे मोझांबिकच्या माणसाला त्या दिवशी मत होतं आणि खुद्द पोर्तुगालच्या माणसाला नव्हतं. हे असं का, याला तर्काचं उत्तर नाही, इतिहासाचं आहे.

इथेच तुमचा लेखी राज्यघटनेचा प्रश्न येतो. "ब्रिटनला लेखी घटना नाही" हे अर्धंच खरं आहे. लिहिलेलं पुष्कळ आहे, फक्त एका पुस्तकात नाही. माझ्या आजीची एक गोधडी होती. तिच्यात पणजीच्या नऊवारीचा तुकडा, आजोबांचं धोतर, आत्याचं परकर-पोलकं, कुठल्यातरी लग्नात आलेला खण. फाटलं की वरून नवा तुकडा लावायचा, खालचा उसवायचा नाही. ब्रिटनची घटना ही तशी गोधडी आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचा विरलेला तुकडा अजून तळाशी आहे. त्यावर १६८९ चं बिल ऑफ राइट्स, १७०७ मध्ये स्कॉटलंड जोडल्याचा टाका, १९११ मध्ये लॉर्डांच्या सभागृहाचे हात बांधले तो, १९९८ मध्ये स्कॉटलंड-वेल्सला स्वतःची सभागृहं दिली तो. तुमचं मत हाही त्यातलाच एक तुकडा, साम्राज्याच्या जुन्या कोटाचा.

मी या तारखा सातारी पद्धतीने लक्षात ठेवतो. १६४९ मध्ये लंडनच्या लोकांनी आपल्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं. शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. त्या चार्ल्सच्या मुलाला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना मुंबई मिळाली आणि त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. १६८९ हे आपल्याकडे संभाजी महाराजांच्या हत्येचं वर्ष, तिकडे बिल ऑफ राइट्सचं: पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने कर बसवायचा नाही, कायदा थांबवायचा नाही. आणि १७०८, ज्या वर्षी सातारला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी राणी ॲनने पार्लमेंटने मंजूर केलेल्या एका विधेयकाला शेवटचा नकार दिला. त्यानंतर आजतागायत एकाही राजा-राणीने नकार दिलेला नाही. देऊ नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. फक्त कुणी देत नाही. आणि होकार अजून जुन्या फ्रेंच भाषेत देतात, "राजाची तशी इच्छा आहे" अशा अर्थाचा.

असे जुने तुकडे शोधायची मला खोड आहे. पार्लमेंटच्या अधिवेशनाचं उद्घाटन असतं तेव्हा राजाचा दूत खासदारांना बोलवायला जातो आणि त्याच्या तोंडावर दार धाडकन लावतात. मग तो काठीने तीनदा ठोठावतो. कारण १६४२ मध्ये पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला सैनिक घेऊन सभागृहात घुसला होता. पावणेचारशे वर्षं होऊन गेली, राग अजून काढतात. दुसरं: खासदाराला राजीनामा देताच येत नाही, १६२४ चा ठराव आहे. मग काय करायचं? राजाच्या पदरची नोकरी घेतली की खासदारकी आपोआप जाते, म्हणून त्याला चिल्टर्न हंड्रेड्स नावाच्या भागाचा कारभारी नेमतात. पगार नाही, काम नाही, कचेरी नाही. २०२३ मध्ये बोरिस जॉन्सन असेच कारभारी होऊन पार्लमेंटमधून गेले.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, पण यात एक गोम आहे. ही व्यवस्था बरीचशी शरमेवर चालते. "असं करत नाहीत" एवढाच नियम. ज्याला शरम नाही त्याला कोण अडवणार? २०१९ मध्ये जॉन्सन सरकारने ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवायचा सल्ला राणीला दिला, आणि राणीने तो मानला, कारण पंतप्रधानांचा सल्ला मानायचा असतो. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. तेव्हा ते निभावलं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहत होते. ते घर आता महाराष्ट्र सरकारचं आहे, लंडनला आलात तर बघून या. ही सगळी व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली, तिच्यातलं पुष्कळ घेतलंही. आणि तरी ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते तिने ३९५ कलमांत सारं लिहून काढलं. शरमेच्या भरवशावर काही ठेवलं नाही. हे मला फार बोलकं वाटतं.

आता तुमचा कळीचा प्रश्न: ज्यांनी राज्य केलं त्यांच्या निवडणुकीत मत का द्यावं?

आपल्याकडे दोन बोलणी ऐकू येतात. एक, "लोकशाही आपल्याला इंग्रजांनी दिली." दुसरं, "इंग्रज म्हणजे लुटारू, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही." दोन्ही बोलण्यांत एक चूक समान आहे: दोघांनाही वाटतं की इंग्रजांजवळ लोकशाही आधीपासून होती. नव्हती. सॉल्झबरीजवळ ओल्ड सॅरम म्हणून एक टेकाड आहे. १८३२ पर्यंत त्या ओसाड टेकाडाला दोन खासदार होते आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला एकही नव्हता. सफोकमधलं डनिच गाव बरंचसं समुद्रात वाहून गेलं होतं, त्याचेही दोन खासदार चालूच. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर हजारो गिरणी कामगार बायका-पोरांसह मत मागायला जमले. त्यांच्यावर घोडेस्वार घातले, तलवारी चालवल्या. किमान १५ जण मेले, शेकडो जखमी झाले. आपल्या लोकांना एवढंच सांगतो: आदल्याच वर्षी, १८१८ ला पेशवाई बुडवणारी कंपनी ज्या देशाची, त्या देशाच्या कामगाराला तेव्हा मत नव्हतं.

  

मग १८३८ पासून मत मागणारे चार्टिस्ट नावाचे आंदोलक आले. त्यांच्या सहा मागण्या: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदार व्हायला मालमत्तेची अट नको, खासदारांना पगार, सारखे मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. त्यांना तुरुंगात घातलं, ऑस्ट्रेलियाला पाठवलं, त्यांची टर उडवली. पुढे सहापैकी पाच मागण्या मान्य झाल्या. दरवर्षी निवडणूक तेवढी राहिली, आणि माझ्यासारख्या निवडणूक खात्यातल्या माणसाला विचाराल तर ते बरंच झालं. गुप्त मतदान यायला १८७२ साल उजाडलं. त्याआधी मत जाहीर द्यायचं, आणि कुणी कुणाला दिलं याच्या छापील वह्या निघत. घरमालक, कारखानदार त्या वाचून कुणाला हाकलायचं ते ठरवत. गुप्त पद्धतीने पहिली पोटनिवडणूक यॉर्कशरमधल्या पॉन्टिफ्रॅक्टला झाली, आणि तारीख कोणती, तर १५ ऑगस्ट. त्या गावात ज्येष्ठमधाच्या वड्या बनतात, तर मतपेटीवरच्या लाखेवर शिक्का मारायला वड्यांवरचाच ठसा वापरला.

बायकांना १९१८ मध्ये मत मिळालं तेही तिशीच्या पुढच्यांना आणि मालमत्तेच्या अटीवर. पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये. त्या लढ्यात महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंग होती. "मत नाही तर कर नाही" म्हणून तिने कर भरला नाही, आणि सरकारने तिच्या वस्तू जप्त करून लिलावात काढल्या. आणि हे बघा: १९४५ पर्यंत इथे काही माणसांना दोन मतं होती. एक घराच्या पत्त्यावर, दुसरं धंद्याच्या जागेवर नाहीतर ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या विद्यापीठाच्या पदवीवर. ते १९४८ च्या कायद्याने बंद झालं. म्हणजे ब्रिटनमध्ये पार्लमेंटची, खऱ्या अर्थाने एका माणसाला एकच मत असलेली पहिली निवडणूक झाली २३ फेब्रुवारी १९५० ला. आपली घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. चार आठवडे आधी. कुणी कुणाला काय दिलं, तुम्हीच ठरवा.

आता सातारचा राग. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले. सुमारे १४ वर्षं राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी होती, जिथे आज लॉइड्सची काचेची-पोलादाची इमारत आहे. तिथे कंपनीच्या भागधारकांच्या सभा होत, आणि सातारच्या राजाचं काय करायचं यावर हे भागधारक मतदान करत. ज्याच्याकडे ठरावीक रकमेचे शेअर त्याला मत. ज्यांच्या राज्याचा प्रश्न त्यांना नाही. जोसेफ ह्यूमसारख्या खासदाराने पार्लमेंटमध्येही हा विषय काढला. उपयोग झाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले, १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केलं, आणि रंगो बापूजी १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये सातारच्या गेंडामाळावर ज्या १७ जणांना ठार केलं त्यांत त्यांचा मुलगा होता. ते स्वतः नाहीसे झाले, सापडलेच नाहीत.

मी लेडनहॉल स्ट्रीटवर कामानिमित्त बऱ्याचदा गेलो. तिथून जाताना एकच विचार यायचा: हा माणूस १४ वर्षं या रस्त्यावर अर्ज घेऊन उभा होता, आणि त्याचं म्हणणं ऐकायला बांधलेला असा एकही माणूस इथे नव्हता. त्याच्या हातात मत असतं तर सातारा वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे आज मत आहे, म्हणून तुमचा खासदार तुमच्या पत्राला उत्तर देतो. व्हिसाचं काही अडलं, घरमालकाने ओलीचं घर दिलं, तर खासदाराच्या "सर्जरी"ला जा. घाबरू नका, चिरफाड नसते. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तो मतदारसंघात लोकांना भेटायला बसतो त्याला इथे सर्जरी म्हणतात. म्हणून माझं म्हणणं: हे मत उपकार समजून घेऊ नका आणि अपराधी वाटूनही सोडू नका. जुनी येणी असतात तसं समजा.

आपल्या आधी मुंबईची माणसं याहून पुढे गेली आहेत. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, अवघ्या ५ मतांनी. त्याआधी खुद्द पंतप्रधान सॉल्झबरींनी "काळ्या माणसाला" इंग्रज मतदार निवडून देतील का, अशी शंका जाहीर भाषणात काढली होती. दादाभाई लिबरल. १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी निवडून आले ते हुजूर पक्षातून, आणि १९२२ मध्ये शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून, ते तर कम्युनिस्ट. तिघे मुंबईचे पारशी, तीन टोकांच्या पक्षांत. १९२९ नंतर मात्र भारतीय वंशाचा पुढचा खासदार कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, यायला १९८७ उजाडावं लागलं: कीथ वाझ, गोव्याकडच्या कुटुंबातले, आणि मतदारसंघ तुमच्याच गावातला, लेस्टर ईस्ट.

पंतप्रधानांचं सोपं आहे. इथे पंतप्रधान कुणी निवडत नाही. तुम्ही खासदार निवडता, आणि ज्याच्यामागे बहुमत तो पंतप्रधान. आपल्याकडेही असंच आहे, फक्त आपण पोस्टरवरचा चेहरा बघून ते विसरतो. २०२२ मध्ये एका वर्षात तीन पंतप्रधान झाले. त्यांतल्या लिझ ट्रस यांना निवडलं त्यांच्या पक्षाच्या ८१,३२६ सभासदांनी, आणि त्या ४९ दिवस टिकल्या. कायद्याने यात काही चुकलं नाही, पण माझ्या मते पक्षाच्या सभासदांनी देशाचा पंतप्रधान ठरवणं हा गोधडीला लावलेला सगळ्यात कच्चा टाका आहे. खासदारांनीच ठरवलेलं बरं; त्यांना निदान मतदाराला तोंड दाखवायचं असतं. दुसरी खोट तुमच्या ओळखीचीच आहे, कारण ती आपण इथूनच उचलली: ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, मग ती ३० टक्के का असेनात. २०२४ मध्ये लेबरला जवळजवळ ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं आणि जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्क्यांवर ७२. २०११ मध्ये पद्धत बदलायची का म्हणून लोकांना विचारलं होतं, दोन-तृतीयांशांहून जास्त लोक "नको" म्हणाले.

आता मतदानाचा दिवस. तो गुरुवार असेल. का, ते कुणी नीट सांगू शकत नाही, पण १९३१ नंतरची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी झाली आहे. सुट्टी नसते. केंद्र सकाळी ७ ते रात्री १०, त्यामुळे तुमची शिफ्ट कुठलीही असो, जमेल. शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, कधी चक्क पबमध्ये केंद्र असतं. आम्ही सहाला पोचायचो, रिकामी पेटी पहिल्या मतदाराला दाखवून सील करायची. बोटाला शाई नाही, यंत्र नाही, पोलीस नावाला. टेबलावर कागद, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, आणि तुम्ही नावापुढे फुली मारायची. फुली. भारतातून आलेल्या कित्येकांचा इथे हात अडतो, कारण आपल्याकडे फुली म्हणजे नापसंती. एक आजोबा नको असलेल्या सगळ्या नावांपुढे फुल्या मारून, हव्या त्या नावापुढची चौकट कोरी ठेवून आले होते आणि मला अभिमानाने सांगत होते. मत बाद झालं असणार. मी काही बोलू शकत नव्हतो, कागद पेटीत गेला होता. पेन्सिलची भीती वाटत असेल तर स्वतःचं पेन न्या, चालतं.

ओळखपत्र २०२३ पासून लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण कॉमनवेल्थ देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. पेन्शनरांचा बसपास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही, आणि यावर इथे जे वाद झाले ते रास्त आहेत असं मला वाटतं. हा कायदा आणला जॉन्सन यांच्या सरकारने. मे २०२४ मध्ये तेच ओळखपत्र विसरून मतदानाला गेले आणि केंद्रावरच्या माणसांनी त्यांना परत पाठवलं. नंतर ते घेऊन आले. त्या केंद्राध्यक्षाचा मला मनापासून अभिमान वाटला.

दाराबाहेर रंगीत फुलं लावलेले पक्षाचे लोक तुमचा मतदार नंबर विचारतील. कोण येऊन गेलं ते टिपायला विचारतात. सांगायची सक्ती नाही, हसून पुढे जा. आत कुणी तुमचा उच्चार ऐकून यादी दोनदा तपासली तर वाईट वाटून घेऊ नका. आडनावाचं स्पेलिंग आणि पहिलं-मधलं नाव यांची यादीत हमखास उलटापालट झालेली असते. निवडणुकीआधी घरी येणाऱ्या मतदार कार्डावरचा नंबर सांगितला की सापडतं.

रात्री दहाला पेट्या मोजणीला जातात आणि हाताने मोजतात. संडरलंडच्या लोकांना सगळ्या देशात पहिला निकाल लावायचा छंद आहे. २०२४ मध्ये त्यांनी सव्वाअकरापर्यंत लावला. पहाटे कुठल्यातरी क्रीडासंकुलात निकाल वाचतात तेव्हा पंतप्रधानसुद्धा बाकीच्या उमेदवारांच्या ओळीत उभा असतो. ऋषी सुनक यांच्या शेजारी २०२४ मध्ये डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला काउंट बिनफेस नावाचा उमेदवार उभा होता. ५०० पौंड अनामत भरली, दहा मतदारांच्या सह्या आणल्या, की कुणालाही उभं राहता येतं. ५ टक्के मतं नाही मिळाली तर अनामत जप्त. मला या देशातलं हे दृश्य सगळ्यात आवडतं.

आईंचं: त्या व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर मत नाही. कॉमनवेल्थचं नागरिकत्व असून पुरत नाही, इथे राहता पत्ता लागतो, आणि पाहुण्याचा पत्ता राहता धरत नाहीत. त्यांना सोबत चालत घेऊन जा मात्र. आत मतदारांशिवाय इतरांना थांबू देत नाहीत, तेव्हा त्यांना दाराशी उभं राहावं लागेल. मेमध्ये हवा बरी असते, आणि मालक मत देईपर्यंत फाटकाला बांधलेली दोन-चार कुत्री सोबतीला असतातच.